पाठीवर टँक, हातात गन: रिमोट होज घ्यायचा तर आधी काय बघायचं

मागच्या अंकात मी पेंटबॉलवर, म्हणजे गॅसच्या जोरावर रंगाच्या गोळ्या मारायच्या खेळावर, थोडं लिहिलं होतं आणि शेवटी एका ओळीत म्हटलं होतं की गनला लटकलेला गॅसचा टँक जड वाटत असेल तर तो पाठीवर घेऊन रिमोट लाईन, म्हणजे टँकपासून गनपर्यंतची नळी (होज), लावता येते. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यालाच दिला. मी भोसरीत न्यूमॅटिकच्या कामात सात-आठ वर्षं काढली, मग अमेरिकेत आलो आणि इथे जंगलातल्या पेंटबॉलचं वेड लागलं, तेव्हा जे लिहितोय ते हातात धरून, खोलून-जोडून बघितलेलं आहे.

प्रश्न: दादा नमस्कार. माझ्याकडे टिपमन ९८ गन आहे, मागे २० औंसाचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) टँक लावतो. दोन तास खेळलं की मनगट आणि खांदा पार भरून येतो. ग्रुपमधला एकजण म्हणाला रिमोट लाव, पण ऑनलाईन बघायला गेलो तर कॉईलवाले, सरळ, लाल-काळे-हिरवे, स्लाइड चेकवाले, बिनस्लाइडचे, डोकंच चालेना. कुठला घेऊ? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: आधी सांगा, तुम्ही खेळता कुठे? फुगवलेल्या बंकरमागून उड्या मारत खेळायचा स्पीडबॉल असेल तर रिमोट घेऊच नका. तिथे सारखा हात बदलावा लागतो, पोटावर घसरत जावं लागतं आणि मागचा टँकच खांद्याला टेकून गन स्थिर राहते. पण झाडाझुडपातला, दबा धरून बसायचा, लांबलचक गेम असेल तर रिमोटसारखं सुख नाही. २० औंसाचा सीओटू टँक भरलेला असताना दीड किलोच्या वर जातो, म्हणजे तुमच्या गनपेक्षाही जड, आणि तो सगळा भार मनगटाच्या मागे लोंबतोय, मग खांदा भरून येणार नाही तर काय होणार.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता बरं का. २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात १२ जणांनी पहिला गेम खेळला तो नेलस्पॉट ००७ ने, झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायची ती पिस्तुलं, त्यात बोटाएवढं १२ ग्रॅमचं काडतूस बसायचं. पुढे लोकांना जास्त शॉट हवे झाले, मोठ्या बाटल्या आल्या, आणि बाटली जड झाली तशी ती पाठीवर न्यायची कल्पना आली.

आता होज. रंग आणि लांबी मागाहून बघा, सगळ्यात आधी वर्किंग प्रेशरचा आकडा बघा. सीओटूचं प्रेशर तापमानावर चालतं, २१ डिग्रीला साधारण ८५० पीएसआय (प्रेशर मोजायचं माप) आणि ३१ डिग्रीच्या आसपास १,०७० च्या घरात, म्हणजे जुलैच्या उन्हात तुमच्या पाठीवर ते हजाराच्या वर असणारच. एचपीए म्हणजे हाय प्रेशर एअरचा टँक असेल तर रेग्युलेटर ते ८०० ते ८५० ला आणून सोडतो, पण रेग्युलेटर बिघडला तर बाहेरच्या बाजूची बर्स्ट डिस्क, म्हणजे प्रेशर फार वाढलं की मुद्दाम फुटणारी चकती, १,८०० ला फुटते, म्हणजे तोवर होजने ते सगळं सहन करायला हवं. म्हणून माझा स्वतःचा नियम असा की ज्याचं वर्किंग प्रेशर १,८०० च्या वर लिहिलेलं नाही तो होज मी हातात घेत नाही, मग तो कितीही स्वस्त असो. आणि लक्ष ठेवा, काही विकणारे बर्स्ट प्रेशरचा आकडा मोठ्या अक्षरात टाकतात, तो होज फाटतो तो आकडा आहे, रोज वापरायचा नाही.

दुसरं, स्लाइड चेक. होजवरची ती सरकणारी बाही, एका बाजूला सरकवली की गॅस सुरू, दुसरीकडे सरकवली की बंद आणि गनमधला उरलेला गॅस फुस्स करून बाहेर. ती नसलेला होज घेऊ नका. ती गनच्या बाजूला हवी, हात पोचेल अशी, काही किटमध्ये ती टँकच्या बाजूला असते म्हणजे तुमच्या पाठीमागे, आणि ऐनवेळी ती सापडत नाही. तिच्यासोबत क्विक डिसकनेक्ट (झटक्यात जोडता-काढता येणारा जोड) घ्याच, म्हणजे गन पटकन काढून बाजूला ठेवता येते, नाहीतर जेवायच्या सुट्टीतसुद्धा तुम्ही गनला बांधलेले.

कॉईल की सरळ, तर मी कॉईल म्हणेन. हात आखडला की ती गोळा होते, ताणला की लांब होते, झुडपात कमी अडकते. फक्त ती अगदी ताठ नको, कारण नेम धरल्यावर ती गनला सतत मागे ओढते आणि हे दुकानात कळत नाही, मैदानावर तिसऱ्या गेमला कळतं. घरीच पाऊच (टँक ठेवायची पाठीवरची पिशवी) बांधून, टँक न उघडता, गन खांद्याला लावून दहा मिनिटं उभे राहून बघा, बसून बघा, आडवे पडून बघा. उजव्या हाताने खेळत असाल तर लाईन उजव्या काखेखालून आणा. डावखुऱ्या माणसाने उलटं करायचं, आणि खेळताना दोन्ही हात बदलणाऱ्याला मात्र लाईन कायम चुकीच्या बाजूलाच असणार, त्याला इलाज नाही.

तुमची गन न खोलता काम होईल असा अॅडॉप्टर मिळतो, टँक जिथे फिरवून बसवता त्याच आट्यात तो बसतो आणि त्याला क्विक डिसकनेक्टचं निप्पल असतं. पहिल्या वेळी हाच घ्या, नाही आवडलं तर काढून टँक परत मागे लावता येतो. आणि टँक गेला की गनचा मागचा आधार जातो, पुढचं तोंड खाली झुकतं, तर एखादा हलका स्टॉक (खांद्याला टेकवायचा मागचा दांडा) बसवायचा विचार ठेवा.

सीओटूवाल्यांसाठी अजून एक गोष्ट, आणि मला तर हाच रिमोटचा खरा फायदा वाटतो. टँक गनला आडवा असतो तेव्हा पटापट मारलं की द्रव सीओटूच गनमध्ये शिरतो, गन गारठते, पांढरा धूर येतो, वेग वरखाली होतो, सील खराब होतात. टँक पाठीवर उभा, व्हॉल्व्ह वरती असा ठेवला की वरून फक्त गॅस निघतो आणि थोडंफार काही आलंच तरी कॉईलमधून येताना त्याचा गॅस होतो. पण बाजारातले बरेच पाऊच टँक आडवा नाहीतर उलटा धरतात! उलटा टँक लावला तर होता त्यापेक्षा वाईट, सगळं द्रवच येणार. म्हणजे होज निवडताना पाऊचही बघून घ्या. आणि न्यू जर्सीच्या थंडीत, शून्याच्या आसपास सीओटूचं प्रेशर ५०० पीएसआयच्या जवळ घसरतं, तेव्हा गोळ्या हातभर पुढे जाऊन पडल्या तर होजला दोष देऊ नका, तेव्हा एचपीए वापरा.

शेवटचं, रिमोट लावल्यावर क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) वेग परत मोजून घ्या. बऱ्याच मैदानांवर २८० ते ३०० फूट प्रति सेकंदाच्या वर जाऊ देत नाहीत आणि गॅसचा रस्ता बदलला की आकडा बदलतो.

प्रश्न: सर, मी लोणावळ्याजवळच्या एका फील्डवर मेंटेनन्स बघतो. कंपन्यांचे ग्रुप येतात, शाळेची मुलं येतात, त्यांना गन जड होते. आमच्याकडे कंप्रेसरची निळी पीयू (प्लास्टिकची) कॉईल पडून आहे, पुश फिटिंगही आहेत, दिसायला हुबेहूब रिमोटसारखीच. तीच लावली तर? नवीन मागवायला मालक तयार नाहीत. (तळेगाव दाभाडे)

उत्तर: नाही. अजिबात नाही, आणि मालकांनाही हे उत्तर वाचायला द्या.

ती निळी कॉईल मी हजारदा हाताळलीय, टायरमध्ये हवा मारायला, ब्लो गनला, स्प्रेला एकदम छान. तिच्यावर छापलेलं असतं ८ बार नाहीतर १० बार, आणि तेही साधारण २० डिग्रीला, उन्हात तापली की त्याहून कमी. आता हिशोब करा. पेंटबॉलच्या लाईनमध्ये ८५० पीएसआय म्हणजे जवळजवळ ५९ बार. १० बारच्या नळीत ५९ बार! घरचा कुकर शिटी देतो तो १ बारला, गाडीच्या टायरमध्ये ३०-३२ पीएसआय म्हणजे २ बारच्या जरा वर, यावरून अंदाज घ्या. गडबड युनिटमध्येच होते, आपल्याकडे वर्कशॉपमध्ये सगळे बारमध्ये नाहीतर किलोमध्ये बोलतात आणि पेंटबॉलचं सगळं सामान पीएसआयमध्ये येतं, मग कुणीतरी १५० वाचतो आणि वाटतं बक्कळ आहे. १५० पीएसआय म्हणजे तेच १० बार.

नळी फुटली तर एकवेळ फुटेल, पण पुश फिटिंगमधून नळीचं टोक सुटलं तर ते टोक चाबकासारखं फिरतं आणि ते मुलाच्या मानेजवळ असणार, तिथे मास्क काही झाकत नाही. गन जड होतेय हा तुमचा मुद्दा खरा आहे, त्यावर साधा उपाय म्हणजे छोटे टँक ठेवा. ४८ क्युबिक इंच ३,००० पीएसआयचा अॅल्युमिनियम टँक दीड किलोच्या आसपास आणि त्यात साधारण ४५०-५०० शॉट निघतात, शाळेच्या पोराला एका गेमला तेवढे लागत नाहीत. १३ क्युबिक इंचाचा त्याच्या निम्म्या वजनाचा असतो, शंभर-सव्वाशे शॉट देतो, एका फेरीला पुरतो. मधल्या वेळात तुम्ही भरून द्या, काम वाढेल हे मान्य, पण मनाला घोर राहणार नाही.

प्रश्न: माझा टँक कार्बन फायबरचा, ६८ क्युबिक इंच, ४,५०० पीएसआय. मग होजही ४,५०० चा लागेल का? (बर्मिंगहॅम, इंग्लंड)

उत्तर: नाही. ४,५०० पीएसआय टँकच्या आत, बाहेर येतं ते रेग्युलेटरमधून, ८०० किंवा ८५०. वर म्हटलं तसं १,८०० च्या वरचा होज बास. मात्र तुमचा रेग्युलेटर ४५० चा किंवा ३०० चा लो प्रेशरवाला असेल तर लांब रिमोटवर, त्यातही पटापट मारताना, गन उपाशी राहते, पहिल्या दोन गोळ्या बरोबर आणि पुढच्या घसरत जातात. रिमोटला ८०० चा आउटपुटच बरा.

प्रश्न: भाऊ, माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, मित्रांबरोबर खेळायला जातो. आता त्याला वाढदिवसाला रिमोट हवाय. मला यातलं काही कळत नाही, फक्त एवढंच सांगा की हे सेफ आहे का आणि मी त्याला काय विचारू म्हणजे त्याला येतं की नाही ते कळेल. (ह्यूस्टन, टेक्सस)

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न या सगळ्यात मला जास्त आवडला, कारण होज विकत घेणं सोपं आहे, तो काढायचा कसा हे बऱ्याच मोठ्या माणसांनाही येत नाही. मलाही येत नव्हतं. पहिल्याच सीझनला मी स्लाइड चेक बंद केला, गनमधून फुस्स आवाज आला, वाटलं लाईन रिकामी झाली, आणि सरळ पाठीवरचा टँक फिरवून काढायला लागलो. अर्ध्यातच फाडकन आवाज झाला, टँकच्या तोंडावरची ओ-रिंग (गळती अडवणारं गोल कडं) फाटून उडाली आणि गार सीओटूचा झोत बोटांवर बसला, दोन बोटांची कातडी पांढरी पडली आणि आठवडाभर दुखत होती. त्या वेळी मास्क घातलेला होता म्हणून, नाहीतर तोंड तिथेच होतं.

झालं काय होतं, तर स्लाइड चेक फक्त त्याच्या पुढचा, म्हणजे गनकडचा गॅस सोडतो. त्याच्यापासून टँकपर्यंतचा अख्खा होज भरलेलाच राहतो. ही एक गोष्ट मुलाला माहीत आहे का ते विचारा. त्याला विचारा, "स्लाइड चेक बंद केल्यावर होजमध्ये गॅस असतो का?" तो "नाही" म्हणाला तर अजून होज देऊ नका.

बरोबर पद्धत अशी. बॅरलवर सॉक (चुकून गोळी सुटली तर अडवणारी पिशवी) चढवलेला, मास्क तोंडावर, हॉपर (गोळ्यांचा डबा) काढलेला. स्लाइड चेक सुरूच ठेवायचा. टँक साधारण पाऊण ते एक फेरा फिरवायचा, पूर्ण काढायचा नाही, तेवढ्यात टँकच्या व्हॉल्व्हची पिन मिटते आणि नवीन गॅस यायचा थांबतो. मग गन सुरक्षित दिशेला, जमिनीकडे धरून, आवाज पार बंद होईपर्यंत रिकामी मारायची. मग स्लाइड चेक बंद करायचा, आणि त्यानंतरच टँक काढायचा. टँककडच्या टोकाला स्वतःचा ऑन-ऑफ आणि ब्लीड (उरलेला गॅस सोडायची सोय) असलेला किट मिळतो, दहा-पंधरा डॉलर जास्त पडले तरी मुलासाठी तोच घ्या, त्यात हा सगळा खटाटोप एका नॉबवर येतो. आणि गनपासून लाईन काढली तरी गनच्या आत एक शॉट उरलेला असू शकतो, म्हणून सॉक काढायचा तो फक्त मैदानात शिरल्यावर.

अजून एक, सीओटू वापरत असेल तर. टँकच्या गळ्यातून पितळी व्हॉल्व्ह हळूहळू फिरून सुटला आणि टँक रॉकेटसारखा उडाला, असे अपघात अमेरिकेत झालेत, त्यात माणसंही गेलीत. त्यावर तुमच्याच ड्रेसिंग टेबलवर उपाय आहे. व्हॉल्व्ह आणि टँक यांच्या सांध्यावर गडद नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढा. टँक काढताना दोन्हीकडची रेघ एकत्र फिरायला हवी. रेघ तुटली, व्हॉल्व्ह एका जागी आणि टँक फिरतोय असं दिसलं, तर तिथेच हात काढायचा आणि टँक दुकानात जाणकाराकडे द्यायचा. हे त्याला तुमच्यासमोर करायला लावा. सेफ आहे का, तर एवढं येत असेल आणि मैदानात मास्क कधीच काढत नसेल तर हो, आहे.

प्रश्न: भाऊ अमेरिकेहून दिवाळीला येतोय, त्याच्याकडून होज आणि टँक दोन्ही मागवू का? (नागपूर)

उत्तर: होज मागवा, रिकामा करून चेक-इन बॅगेत टाकायला सांगा, फिटिंगच्या तोंडांना टोपण लावायला सांगा म्हणजे कचरा शिरणार नाही. टँकच्या फंदात पडू नका. अमेरिकेत विमानतळावर टँक न्यायचा तर व्हॉल्व्ह पूर्ण काढून, आत दिसेल असा उघडा लागतो, तो काढून परत बसवणं घरचं काम नाही. आणि इथे आल्यावरही प्रश्न आहेच, गॅस सिलिंडर रूल्स २०१६ खाली बाहेरून आणलेल्या सिलिंडरला पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याची) मंजुरी लागते, आणि पेसोचं मुख्यालय तुमच्याच नागपुरात आहे, तेव्हा मोह झालाच तर आधी तिथे जाऊन विचारून या, मग भावाला फोन करा. अमेरिकेतल्या टँकवर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची) तारीख ठोकलेली असते, दर ५ वर्षांनी ती करावी लागते आणि कार्बन फायबरच्या टँकचं आयुष्य साधारण १५ वर्षं धरतात. कुणी जुना टँक "अगदी नवा आहे" म्हणून देत असेल तर ती तारीख वाचा.

प्रश्न: नवीन रिमोट लावला, पण कुठूनतरी बारीक फुसफुस येतेय. टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळली तरी थांबेना. (शिकागो)

उत्तर: टेप कुठे गुंडाळली त्यावर आहे सगळं. होजच्या टोकाचे ते बारीक, निमुळते, १/८ इंची एनपीटी आटे असतात तिथे टेप किंवा निळं लॉकटाईट (आटे पक्के करायचं द्रव) चालतं, मला लॉकटाईट आवडतं, कारण टेपचा कपटा आत गेला की तो गनच्या व्हॉल्व्हमध्येच जाऊन बसतो. टेप लावायचीच तर पहिला आटा मोकळा सोडा. पण टँकच्या जाड आट्यांवर टेप लावून काही उपयोग नाही, तिथे हवा आटे अडवतच नाहीत, तोंडावरची ओ-रिंग अडवते. ती ०१५ नंबरची, युरेथेनची घ्या. साधी काळी रबराची सीओटू शोषून फुगते आणि दुसऱ्या दिवशी तशीच गळायला लागते. मूठभर ओ-रिंग फारच स्वस्त येतात, पाचसहा कायम खिशात ठेवा.

गळती शोधायला भांडी घासायच्या साबणाचं पाणी, ब्रशने एकेका सांध्यावर लावा, बुडबुडे दिसतील. होजवर हात फिरवून शोधू नका. सांध्यावर बुडबुडे आले तर गॅस सोडून परत घट्ट करा, प्रेशर असताना पाना लावू नका. क्विक डिसकनेक्टमधून येत असतील तर आतली छोटी ओ-रिंग. आणि एचपीए असेल तर टँक भरायच्या निप्पलवर तेल किंवा ग्रीस चुकूनही लावू नका, जोरात हवा भरताना आत उष्णता होते आणि तेल पेट घेऊ शकतं. बुडबुडे होजच्या अंगावर, मधेच कुठेतरी आले तर मात्र दुरुस्तीला जाऊ नका, क्लिप नाही, टेप नाही, काही नाही. गॅस सोडा, मधोमध कापून दोन तुकडे करा म्हणजे दुसरं कुणी कचऱ्यातून उचलून वापरणार नाही, आणि नवीन मागवा.

पुढच्या वेळी हॉपर आणि गोळ्यांबद्दल, दमट हवेत गोळ्या का फुगतात असं तिघांनी विचारलंय.